अर्ल ऑफ अरुंडेल

अर्ल ऑफ अरुंडेल : इंग्लंडमधील एक प्राचीन उमरावपद. ससेक्स परगण्यातील अरुन नदीकाठच्या अरुंडेल किल्ल्यावरून त्याला हे नाव मिळाले. द ऑबिन्यी, फिट्झॲलन व हॉवर्ड या तीन घराण्यांकडे ते क्रमाने राहिले आणि १६६० पासून नॉर्फकच्या ड्यूककडे त्याच्या इतर किताबांबरोबर आहे. किल्ला ज्याच्या ताब्यात तो आपोआप अर्ल, अशी समजूत या पदाभोवती शतकानुशतके टिकून होती. त्याच्या इतिहासातील बहुतेक वाद या समजुतीतूनच निघालेले आहेत.

उमरावपदाचा आरंभ नेमका कोणापासून धरावा याबद्दल एकमत नाही. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर लवकरच पहिल्या विल्यमने अरुंडेल व चिचेस्टरचा मुलूख रॉजर द माँटगमरी याला दिला. टेकाडवजा मातीच्या भरावावर किल्ला उभारण्याचे काम त्याच्याच काळातले. काही जुने लेखक त्यालाच अरुंडेलचा पहिला अर्ल म्हणतात. तथापि रॉजरला अर्ल ही पदवी मिळाली ती श्रूझबरीची, आणि अरुंडेल ही त्याची एक जहागीर होती, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्याचा मुलगा रॉबर्ट द बेलेम याने ११०२ मध्ये पहिल्या हेन्रीविरुद्ध बंड केले, ते फसले आणि किल्ला राजाकडे गेला. हेन्रीच्या मृत्यूनंतर (११३५) तो त्याची दुसरी राणी लूव्हँची ॲडेलायझा हिच्याकडे राहिला. सुमारे ११३८ मध्ये तिने विल्यम द ऑबिन्यी या नॉर्फकमधील सरदाराशी पुनर्विवाह केला. ११३९ मध्ये हेन्रीची मुलगी व गादीची दावेदार सम्राज्ञी मटिल्डा इंग्लंडमध्ये उतरली तेव्हा तिला पहिला आसरा मिळाला तो सावत्र आईच्या याच किल्ल्यात. स्टीव्हन राजाने वेढा घातला, पण तिला ब्रिस्टलकडे जाऊ दिले.

विल्यम द ऑबिन्यीचा मूळ किताब बहुधा लिंकनचा होता. पुढे दस्तऐवजांत तो कधी ससेक्सचा, कधी चिचेस्टरचा, तर कधी अरुंडेलचा अर्ल म्हणून येतो. ही तीन निरनिराळी पदे नव्हती. बाराव्या शतकात अर्ल हा परगण्याचा असे, पण व्यवहारात त्याला त्याच्या मुख्य ठाण्याच्या नावाने ओळखत. या बाबतीत दुसऱ्या हेन्रीची सुमारे ११५५ ची सनद महत्त्वाची आहे. तीत अरुंडेलचा किल्ला व त्याखालील सर्व जहागीर विल्यमला दिली असून त्याशिवाय ससेक्सच्या न्यायालयीन वसुलीतला ‘तिसरा पेनी’, म्हणजे एकतृतीयांश हिस्सा, ‘ज्याचा तो अर्ल आहे’ अशा शब्दांत दिला आहे. या शब्दांवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. किल्ला हाच पदाचा आधार होता असे सांगणारे सनदेतील पहिल्या भागावर भर देतात. इतिहासकार जे. एच. राउंड यांनी १८९२ मध्ये उलट बाजू मांडली : तिसरा पेनी परगण्याच्या वसुलीतून मिळतो, किल्ल्यावरून नव्हे, तेव्हा विल्यम हा ससेक्सचा अर्ल होता आणि अरुंडेल हे त्याच पदाचे बोलीतले नाव होते. हा निष्कर्ष समकालीन इतर अर्लपदांशी जुळतो आणि त्याला समर्पक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

द ऑबिन्यी घराण्यात पाच अर्ल झाले. पाचवा ह्यू १२४३ मध्ये निपुत्रिक वारला व मालमत्ता चार बहिणींच्या शाखांत वाटली गेली. अरुंडेल किल्ला इझाबेल हिचा मुलगा जॉन फिट्झॲलन याच्या वाट्याला आला. वेल्सच्या सरहद्दीवरील क्लन व ऑस्वेस्ट्री येथील हे घराणे. जॉन (मृत्यू १२६७) व त्याचा त्याच नावाचा मुलगा (मृत्यू १२७२) यांच्याकडे किल्ला होता, पण हयातीत त्यांना कोणी अर्ल म्हटल्याचे दिसत नाही. नातू रिचर्ड याला मात्र सुमारे १२८९ पासून अर्ल म्हणू लागले. किल्ल्यामुळेच पद मिळते हे खरे असते, तर मधली सुमारे पंचेचाळीस वर्षे ते कोठे गेले याचा खुलासा करावा लागतो.

संदर्भग्रंथांतील क्रमांकांचा घोळही येथूनच सुरू होतो. पाच द ऑबिन्यी आणि किताब न लावणारे दोन फिट्झॲलन यांना जमेस धरले, तर रिचर्ड आठवा अर्ल ठरतो. वगळले तर पहिला. म्हणून पुढील प्रत्येक अर्लच्या दोन क्रमांकांत सातचा फरक आढळतो. मराठी लेखनात सहसा यांपैकी एकच क्रमांक दिलेला असतो, तेव्हा तो कोणत्या पद्धतीचा हे पाहणे श्रेयस्कर.

चौदाव्या शतकात हे घराणे अतिशय सधन झाले, पण सुरक्षित कधीच नव्हते. एडमंडचा १३२६ मध्ये हेरफर्ड येथे शिरच्छेद झाला आणि त्याचा नातू रिचर्ड याचा १३९७ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या आज्ञेने. या दोघांमधला रिचर्ड (मृत्यू १३७६) व त्याची दुसरी पत्नी एलिनर यांचा, एकमेकांचा हात धरलेला, दगडी पुतळा चिचेस्टर कॅथीड्रलमध्ये आहे. त्याने पहिला विवाह पोपकडून रद्द करवून घेतला आणि १३४७ च्या सुमारास किल्ला एलिनरच्या पुरुषवंशाकडेच जाईल अशी कायदेशीर बांधणी करून ठेवली. पुढचा तंटा समजून घेण्यास ही बांधणी लक्षात ठेवली पाहिजे.

१४१५ मध्ये अर्ल टॉमस फ्रान्समधील आर्फ्लरच्या वेढ्यात हगवणीने आजारी होऊन निपुत्रिक वारला. बाकीची मिळकत तीन बहिणींकडे गेली. किल्ला मात्र वरील बांधणीनुसार चुलत पुतण्या जॉन फिट्झॲलन, लॉर्ड मॉल्ट्रॅव्हर्स, याला मिळाला. थोरली बहीण एलिझाबेथ ही नॉर्फकच्या मोब्री घराण्यात दिलेली. त्या घराण्याने किल्ल्यावर हक्क सांगितला आणि अर्लपद लोंबकळत राहिले. जॉनच्या मुलाने (हाही जॉन) १४३३ मध्ये पार्लमेंटपुढे अर्ज केला. किल्ला, जहागीर व लॉर्डशिप ज्याच्याकडे तो अनादि काळापासून अर्ल असतो, असा त्यातील युक्तिवाद होता. तो मान्य झाला. आपल्याकडे वतनाबरोबर मानपान चालत आल्याची उदाहरणे असल्याने मराठी वाचकाला हे नवल वाटणार नाही, पण इंग्लंडच्या कायद्यात ते अपवादात्मक होते. निर्णयाच्या वेळी राजा सहावा हेन्री बारा वर्षांचाही नव्हता आणि नॉर्फकचा ड्यूकही अल्पवयीन होता. अर्जदार मात्र फ्रान्सच्या मोहिमेतला अत्यंत गरजेचा सेनानी होता. एकोणिसाव्या शतकात हाऊस ऑफ लॉर्ड्‌सच्या समितीने जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हापासून या निर्णयाकडे कायद्याचा दाखला म्हणून पाहण्यापेक्षा राजकीय सोय म्हणून पाहण्याकडे कल आहे आणि तो रास्त वाटतो.

हा जॉन १४३५ मध्ये झेर्बरवा येथे पायाला जखम होऊन फ्रेंचांच्या हाती लागला व बोव्हे येथे मरण पावला. त्याचे शव तेथेच आहे, अरुंडेलच्या फिट्झॲलन चॅपेलमधील थडगे नुसते स्मारक आहे, असे मानत. १८५७ मध्ये नॉर्फकच्या ड्यूकचे पुरोहित व अरुंडेलचे इतिहासकार मार्क टियर्नी यांनी थडगे उघडले, तेव्हा आत सहा फुटांहून उंच पुरुषाचा सांगाडा निघाला. त्याला एक पाय नव्हता.

फिट्झॲलनांचा पुरुषवंश १५८० मध्ये हेन्रीबरोबर संपला. त्याची मुलगी मेरी ही चौथा ड्यूक ऑफ नॉर्फक टॉमस हॉवर्ड याची पत्नी. ड्यूकचा १५७२ मध्ये शिरच्छेद होऊन त्याची पदवी बुडाली होती. त्यामुळे त्यांचा मुलगा फिलिप याच्यापुढे आजोळच्या अर्लपदाचाच मार्ग होता. मावशीचा नवरा लॉर्ड लमली याने किल्ल्यावरील आपला तहहयात हक्क सोडला आणि किल्ल्याच्या आधारे फिलिप अर्ल झाला. १४३३ च्या निर्णयाचा खरा लाभ असा हॉवर्डांना झाला. कॅथलिक निष्ठेपायी फिलिपची पदे १५८९ मध्ये जप्त झाली व १५९५ मध्ये तो लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतच वारला. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याला संतपद दिले. त्याचा मुलगा टॉमस (१५८५–१६४६) याला १६०४ मध्ये अर्लपद परत मिळाले. कलासंग्राहक म्हणून तो अधिक प्रसिद्ध आहे. त्याने जमवलेल्या प्राचीन ग्रीक शिलालेखांचा मोठा भाग ऑक्सफर्डला आहे.

किल्ला व किताब यांची सांगड टॉमसने खास कायदा करवून पक्की केली. पार्लमेंटच्या या कायद्याने दोन्ही त्याच्या पुरुषवंशाशी जोडले गेले. कायद्याचे वर्ष काही ठिकाणी १६२७, तर काही ठिकाणी १६२८ दिलेले आढळते. त्या काळी कायद्याची तारीख अधिवेशनाच्या पहिल्या दिवसाची धरत व वर्ष २५ मार्चला सुरू होई. १७ मार्चला भरलेले हे अधिवेशन म्हणून जुन्या गणनेने १६२७ मध्ये आणि आजच्या गणनेने १६२८ मध्ये पडते. या कायद्यानंतर किल्ल्यावरून किताब सिद्ध करण्याची गरज उरली नाही. जमिनीच्या ताब्यावरून उमरावपद मिळते हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) १६६९ मध्ये फिट्झवॉल्टर प्रकरणात नाकारले आणि १८६१ मध्ये बर्कली किल्ल्याच्या प्रकरणात हाऊस ऑफ लॉर्ड्‌सनेही ते फेटाळले. अरुंडेलला त्याची झळ लागली नाही.

१६६० मध्ये नॉर्फकचे ड्यूकपद हॉवर्डांना परत मिळाल्यावर अरुंडेलचा स्वतंत्र इतिहास फारसा उरत नाही. ड्यूकचा थोरला मुलगा सौजन्यदर्शक किताब म्हणून हे नाव लावतो, आणि आडनाव १८४२ पासून फिट्झॲलन-हॉवर्ड असे आहे. यादवी युद्धात (१६४३–४४) उद्‌ध्वस्त झालेला किल्ला पंधराव्या ड्यूकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतांशी नव्याने बांधला. इंग्लंडच्या अर्लपदांत अरुंडेलचा मान पहिला धरतात, मात्र ते ड्यूकपदाखाली असल्यामुळे प्रत्यक्ष मानक्रमात श्रूझबरीच्या अर्लला (स्थापना १४४२) पहिला अर्ल म्हणतात.