खिडकीतला कूलर, डब्यातला कूलर

"मामा, कूलर कोणता घेऊ?" एप्रिलमध्ये भाच्याचा फोन आला. मी विचारलं, "कोणत्या खोलीसाठी?" नागपुरात एप्रिलमध्ये कूलर म्हटलं की खिडकीत बसवायचा, खसच्या ताट्यांचा, एवढंच डोक्यात येतं. त्याला हवा होता प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर, बसवायचा. गेमिंग पीसी स्वतः असेंबल करायचं त्याने ठरवलं होतं, पार्ट्सची यादीही तयार होती. तो हसला. पण माझा प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता.

कूलर उष्णता नाहीशी करत नाही, नुसती उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. शेवटी ती पडते खोलीतल्या हवेतच. त्यामुळे कूलर किती चांगला, याचा अर्थ खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंश जास्त तापू देतो एवढाच. यूट्यूबवरचा परीक्षक एसीत बसून, २४ अंशांच्या खोलीत, "सत्तरच्या वर जात नाही" असं सांगतो, तेव्हा खरा आकडा ४६ असतो, सत्तर नव्हे. भाच्याची खोली पश्चिमेची, वर गच्ची. मे महिन्यात तिथे दुपारी ३९ अंश सहज असतात. तोच कूलर, तोच गेम, आणि प्रोसेसर ८५ वर. गणित ढोबळ आहे, पण खरेदीला पुरतं.

त्याच्या यादीत होता रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि गेमची चित्रं तयार करणारं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड. हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट खातो आणि ९५ अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो, ज्याला पोरं थ्रॉटल होणं म्हणतात. कार्ड २०० वॅटचं. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक धरा. झाले साधारण ३४० वॅट. कंपनी या कार्डासाठी ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, सुचवते. ते उगाच नाही, कारण कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं २०० च्या बरंच वर उसळी मारतं. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे गेम सुरू झाला की बंद खोलीत साडेतीन पाहुणे येऊन बसले म्हणायचे.

आता मजा बघा. खिडकीतला कूलर आणि प्रोसेसरवरचा कूलर चालतात एकाच तत्त्वावर. ताटीवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, हवा गार होते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. तेच पाणी नुसतं एक अंश तापवायला जेमतेम सव्वाचार. प्रोसेसरवरच्या टॉवर कूलरमध्ये ज्या तांब्याच्या नळ्या दिसतात, त्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी असतं आणि जवळजवळ सगळी हवा काढून टाकलेली असते. दाब इतका कमी की हे पाणी शंभर अंशांची वाट न बघता चाळीस-पन्नासलाच वाफ होतं. वाफ वरच्या पातळ पत्र्यांकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी, परत खाली येते. पंप नाही, आवाज नाही. या नळीला हीट पाइप म्हणतात. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती घडवली, तेव्हा डोळ्यांपुढे अंतराळयानं होती. फरक इतकाच की खिडकीतल्या कूलरची वाफ खोलीत जाते आणि टाकी रोज भरावी लागते. नळीतलं पाणी वर्षानुवर्षं तेच.

भाच्याने मेहनतीने सगळं जोडलं. पीसी सुरू झाला, गेम लावला, मिनिटाभरात ९५ अंश आणि पडदा अडखळायला लागला. "मामा, काहून अटकून राहिला हा?" मी कूलर काढायला लावला. प्रोसेसरला टेकणाऱ्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म तशीच होती, उष्णता अडवून बसलेली, तिच्यावर "काढून टाका" असं छापलेलं. हा प्रकार मी तिसऱ्यांदा पाहत होतो, आणि पहिल्यांदा तो माझ्याच हातून झाला होता.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्टही समजून घेण्यासारखी आहे. पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांतून हवा हुसकून लावायचं. हवेपेक्षा ती शंभरेकपट बरी, पण तांब्यापुढे काहीच नाही. म्हणून वाटाण्याएवढी लावायची, पुरणासारखी भरायची नाही.

पाण्याच्या एआयओ कूलरचा, म्हणजे पंपाने पाणी फिरवून पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये गार करणाऱ्या तयार संचाचा, त्याला फार मोह होता. मी नको म्हटलं. ८८ वॅटसाठी साधा टॉवर पुरतो, आणि एआयओचा रेडिएटरही उष्णता सोडणार त्याच ३९ अंशांच्या हवेत. अडीचशे वॅटचा प्रोसेसर असता तर गोष्ट वेगळी.

वाचलेले पैसे कॅबिनेटमध्ये, म्हणजे पीसीच्या डब्यात, घातले. त्याने आधी निवडलेल्या कॅबिनेटच्या तोंडाला सबंध काच होती. दिसायला देखणी, पण पंख्यांनी हवा ओढायची कुठून? ३५० वॅट उष्णता बाहेर न्यायची आणि हवा दहाच अंश तापू द्यायची, तर सेकंदाला जवळपास २९ लिटर हवा लागते. सेकंदाला दीड बादली! म्हणून पुढे जाळी, आत घेणारे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की धूळ फटीफटीतून न शिरता गाळणीवर अडते. मात्र ती गाळणी धुवायची असते. टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात कॅबिनेट ठेवायचं त्याने ठरवलं होतं, ते मी मोडून काढलं. तिथे पीसी स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा ओढत राहतो.

शेवटचा उपाय फुकटचा. चिपची विजेची भूक व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून व्होल्टेज दहा टक्के उतरवलं की त्याच वेगाला जवळजवळ एकोणीस टक्के वीज वाचते. किती उतरवता येईल हे प्रत्येक चिपचं वेगळं, हळूहळू पाहत जायचं. शिवाय मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा, असताना कार्डाकडून सेकंदाला दीडशे चित्रं (फ्रेम) काढून घेण्यात काय हशील? फ्रेमना मर्यादा लावली आणि मे महिन्यातल्या दुपारी प्रोसेसर ७८ वर थांबला.

डिसेंबरात ताईकडे गेलो, तर कॅबिनेटच्या मागे, हवा बाहेर पडते तिथे, झाकण घातलेलं पातेलं. "थंडीत विरजण लागतच नाही," ताई म्हणाली, "याचा खेळ सुरू झाला की ठेवते." दही घट्ट लागलं होतं.