घाट उतरलं की किड्यांचं घड्याळ बदलतं

गेल्या वर्षी मे महिन्यात बदली होऊन मी पुण्याहून वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहायला आले. सामानात वर्षाचा तांदूळ होता. चाळीस किलो, पत्र्याच्या दोन डब्यांत भरलेला. पुण्यात हेच डबे पुढच्या मार्चपर्यंत चालायचे. इथे आषाढ संपायच्या आत झाकण उघडलं, तर तांदूळ हलत होता. आत हात घातला तेव्हा तो किंचित कोमट लागला, आणि बोटांना पिठी चिकटून आली. उजेडात धरलेल्या जवळजवळ प्रत्येक दाण्याला टाचणीने पाडावं तसं एक गोल भोक होतं.

घर बदललं की कपाटं कुठे लावायची, मुलांची शाळा कुठली, याचा विचार आपण आधी करतो. उष्ण, दमट जागी आपल्याबरोबर आणखी कोण कोण राहणार आहे, याचा विचार मात्र पहिला फटका बसल्यावरच सुरू होतो. तो आधीच करता यावा म्हणून हे लिहिते आहे.

किड्यांचं रक्त आपल्यासारखं स्वतःची ऊब राखत नाही. हवा जेवढी गरम, तेवढं त्यांचं शरीर गरम, आणि तेवढीच अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून किडा होण्याची गती. तांदळातला सोंडकिडा घ्या. याच्या तोंडापुढे बारीक सोंड असते, म्हणून हे नाव. घरोघरी त्याला टोका म्हणतात. मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट द्रवाने ते भोक बुजवून टाकते. बाहेरून काही दिसत नाही. अळी दाण्याच्या पोटातच खाऊन मोठी होते आणि किडा होऊनच बाहेर पडते. एक मादी आयुष्यात तीनशेच्या वर अंडी घालते. हवा ३० अंशांच्या आसपास असेल तर हा सगळा प्रवास महिन्याभरात उरकतो. हवा १८ अंशांची असेल तर त्यालाच जवळपास तीन महिने लागतात, आणि १५ अंशांच्या खाली वाढ थांबल्यात जमा.

माझ्या पुण्याच्या डब्यांतही टोके येत असणारच. पण तिथे दिवाळीनंतर पहाटेचा पारा १०-१२ अंशांवर उतरतो, हवा कोरडी होते आणि पिढ्यांची साखळी दरवर्षी मंदावते. इथे किनाऱ्यावर जानेवारीतही पहाट १५ अंशांच्या खाली क्वचितच जाते. उकाड्याचं काय, तो देशावरही आहे; विदर्भात तर ४५ अंश होतं. खरा फरक आहे तो हिवाळ्याचा खंड न पडण्यात, आणि त्याहून जास्त ओलीत.

ओलीचं महत्त्व मला इथे येऊन नीट कळलं. किड्याचं शरीर इतकं लहान असतं, की वजनाच्या मानाने त्याची कातडी फार मोठी भरते. त्यातून पाणी सतत उडून जाऊ पाहतं. अंगावरच्या मेणाच्या पातळ थरावर तो जिवंत राहतो. कोरड्या हवेत हा हिशेब तोट्यात जातो, दमट हवेत जात नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, या किनाऱ्यावर ३,००० च्या आसपास. पावसाळ्यात बंद डब्यातला दाणासुद्धा फटीफटीतून ओल शोषतो. दाण्यातली ओल १० टक्क्यांच्या खाली असेल तर सोंडकिड्याला वंश वाढवणं जवळपास अशक्य होतं. ती वाढली की त्याची चंगळ. वर हजारो किडे श्वास घेताना ऊब आणि वाफ दोन्ही सोडतात, म्हणजे डब्याचं हवामान तेच आणखी दमट करत नेतात. माझ्या हाताला लागलेला कोमटपणा तो होता.

शेजारच्या काकींनी डबा पाहिला आणि त्यांच्या माळ्यावर नेलं. तिथे तांदूळ नव्हताच. भात होतं, टरफलासकट, कणगीत भरलेलं. लागेल तसं गिरणीतून काढून आणायचं. टरफल शाबूत असेल तर सोंडकिड्याच्या मादीला आत शिरायला फट मिळत नाही. शेजारी कुळीथ आणि कडवे वाल राखेत घोळवून ठेवले होते. राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात आणि तो दमट हवेतसुद्धा सुकून मरतो. मूग-चवळीला तेलाचा हात लावायचा तो कडधान्यात पडणाऱ्या भुंग्यासाठी. भुंग्याची मादी अंडी दाण्याच्या बाहेर चिकटवते, पांढऱ्या ठिपक्यांसारखी. तेलाने त्या अंड्याचा श्वास कोंडतो. आणि वैशाखात धान्याला ऊन दाखवायचं ते नुसतं वाळवण्यासाठी नाही. कडक उन्हात पातळ पसरलेलं धान्य ५० अंशांच्या वर तापलं, की आतल्या अंडी-अळ्याही टिकत नाहीत. पावसाळ्याची बेगमी म्हणतात ती हीच. तीत किती विज्ञान आहे हे पाहून मला मनापासून आदर वाटला. ज्यांच्याकडे माळा नाही, ऊन नाही, त्यांनी महिन्याला लागेल एवढंच धान्य आणावं, आणि आणलेली पिशवी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून मग हवाबंद डब्यात भरावी. तेवढ्या थंडीत अंडीही मरतात.

आता डास. इथे माझी चूक सांगायलाच हवी. मुंग्या चढू नयेत म्हणून मी खाण्याच्या कपाटाच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या, आजीच्या घरी असायच्या तशा. नवव्या-दहाव्या दिवशी पाहिलं तर वाटीत वळवळणाऱ्या अळ्या. मी घरभर फवारा मारत होते आणि घरातच डास वाढवत होते. काकी म्हणाल्या, “पाणी ओतून टाक गो. डास काय आभाळातसून पडतत?”

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात सहसा वाढत नाही. त्याला लागतं साधं, बऱ्यापैकी स्वच्छ, साठलेलं पाणी, आणि तेही थोडं. आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, त्याला काय काय मिळतं हे मी एकदा मोजलं: नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या (पानांचे खोलगट देठ), झाकण नसलेलं बॅरल, ताडपत्रीच्या घडीतला खळगा, फ्रिजच्या मागचा ट्रे. ऊब असेल तर अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात; पाणी १५ अंशांवर असेल तर महिन्याहून जास्त. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून टाकायचा दिवस, पाळायला सांगतात. आठवडा हा आकडा डासाच्या वाढीवरून आलेला आहे, कुणाच्या सोयीवरून नाही.

मात्र नुसतं ओतून भागत नाही. रविवारी मी बॅरल रिकामं केलं आणि भिंग घेऊन आत डोकं घातलं. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर काळे ठिपके होते, पेनाची शाई झटकावी तसे. ही एडिसची अंडी. मादी ती पाण्यात घालत नाही, काठावर घालते. सुकली तरी ती मरत नाहीत, काही महिने तशीच तग धरतात आणि पाणी पुन्हा चढलं की तासाभरातसुद्धा फुटू लागतात. उन्हाळाभर पालथं पडलेलं भांडं पहिल्या पावसात डास देऊ लागतं ते यामुळे. उपाय एकच, काथ्याने घासायचं. घासलेलं पाणीही जमिनीवर ओतायचं, दुसऱ्या भांड्यात नाही. विहिरीला आणि मोठ्या टाकीला घासणं शक्य नसतं, तिथे गप्पी मासे सोडायचे. ते आरोग्य केंद्रातून मिळतात. वाट्यांमध्ये आता मी पाण्याऐवजी थोडं खाण्याचं तेल घालते.

एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. मलेरियाचा अॅनोफिलीस रात्री चावतो. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांनी मलेरियाचा परजीवी सापडवला तो याच जातीच्या डासाच्या पोटात. दोघांच्या अळ्या ओळखता येतात. अॅनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडते, बाकीच्यांची डोकं खाली करून तिरकी लटकते. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळू नका, हे मात्र कळकळीने सांगते. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण मोजले गेले आहेत, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. त्यापेक्षा मच्छरदाणी आणि जोरात फिरणारा पंखा बरा. डास उडण्यात दुबळा असतो, वाऱ्यात त्याला अंगावर टेकता येत नाही, शिवाय आपल्या श्वासाचा माग तो ज्यावरून काढतो तो वायूही विखुरतो.

झुरळांबद्दल थोडक्यात. न्हाणीतून येणारं मोठं, तांबूस झुरळ वेगळं, त्याचं ठिकाण गटार; मोरीला बारीक जाळी बसवली की निम्मं काम होतं. ओट्याखालचं लहान, पाठीवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ जास्त चिवट. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये त्याला जर्मन झुरळ असं नाव दिलं, पण २०२४ साली त्याच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा त्याचं मूळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वीच्या भारत-म्यानमार भागात निघालं. मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी फुटेपर्यंत स्वतःजवळ बाळगते, म्हणजे एक मादी वाचली तरी वाढ सुरूच; वरवरच्या फवाऱ्याने उरलेली झुरळं फटीत आणखी आत शिरतात एवढंच. जेलचे ठिपके बरे. ते खाऊन झुरळ फटीत जाऊन मरतं, बाकीची त्याचं शव आणि विष्ठा खातात आणि विष पुढे पोचतं. रात्री सिंक पुसून कोरडं केलंत, तर जेलचं काम सोपं होतं. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून तितके काढू शकत नाही.

मिरगाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्यांची झुंबड उडाली आणि सकाळी फरशीवर पंखांचा सडा पडला. ही वाळवीची नर-मादी, नवं घर थाटायला निघालेली. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगीच्या नात्यातली नाही, झुरळाच्या कुळातली आहे. तिची कातडी इतकी पातळ असते की उघड्यावर ती लगेच सुकते. म्हणून ती मातीची नळी बांधते आणि तिच्या आतून फिरते. माझ्या पुस्तकांच्या कपाटामागे जांभ्याच्या भिंतीवर अशी एक नळी निघाली. स्क्रू-ड्रायव्हरने तिचा दोन बोटं तुकडा पाडला. दुसऱ्या दिवशी तिथे ओल्या मातीने डागडुजी झालेली होती. हीच परीक्षा करायची: दुरुस्ती झाली तर वाळवी नांदती आहे, नाही झाली तर नळी जुनी आहे. भिंतीत पन्हळीचं पाणी झिरपत होतं, ते आधी बंद केलं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, पायांखाली दगड घातले. जमिनीत औषध मुरवून घ्यायचं असेल तर जाणत्या माणसाकडूनच घ्या आणि विहीर कुठे आहे हे त्याला आधी दाखवा.

परड्यातलं वारूळ मात्र मी मोडू दिलेलं नाही. सातेरी देवीला इकडे आणि गोव्यात वारुळाच्या रूपात पुजतात. त्याच वारुळातली वाळवी आत बुरशीची शेती करते, आणि पावसात वर उगवून येणारी अळंबी त्या शेतीचं फळ असते. जंगलातला पाचोळा आणि मेलेलं लाकूड मातीत परत घालण्याचं कामही तिचंच.

दोन किड्यांबाबत मात्र सावध राहायला हवं. पावसाळ्यात दिव्यावर येणारा, मुंगीसारखा लांबट, काळ्या-केशरी पट्ट्यांचा एक किडा आहे. लोक त्याला अॅसिड फ्लाय म्हणतात. तो चावत नाही. पण मानेवर बसला आणि आपण चिरडला, तर त्याच्या शरीरातलं रसायन कातडीवर पसरतं आणि एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवायचा, जागा साबणाने धुवायची.

दुसरी गोचीड. तिला आठ पाय असतात, म्हणजे ती कोळ्यांच्या कुळातली. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गेल्या दशकभरात दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूलाही आला, तो हिच्या चाव्यातून. त्याचे दिवस पावसाळ्यात नाहीत. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत, गोचिडीची बारीक पिल्लं पाचोळ्यात असतात तेव्हा. काजूच्या बागेत किंवा जंगलात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासावं, पाचोळा गोळा करून घरात आणू नये. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं. ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगावं.

आता काजूला नवी पालवी फुटते आहे आणि परड्यातल्या झाडावर लाल मुंग्यांची घरटी लटकली आहेत. इकडे त्यांना हुमले म्हणतात. काल पाऊण तास उभी राहून पाहिलं. दहा-बारा मुंग्या एकमेकींची कंबर धरून दोन पानांच्या कडा जवळ ओढत होत्या आणि एक जण तोंडात अळी धरून, तिच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने ती शिवण घालत होती. चावतात जोरात. पण काजूच्या मोहोराचा रस शोषणाऱ्या ढेकण्या नावाच्या किडीला त्या झाडावर टिकू देत नाहीत, म्हणून घरटी ठेवली आहेत. घराच्या कौलांना टेकलेली एक फांदी होती, तेवढी छाटून घेतली.