पायाच्या अंगठ्याचं हाड 'वाढत' नाही, सरकतं

अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला आलेला टणक उंचवटा पाहून लोक म्हणतात, 'हाड वाढलंय.' खरं तर तिथे नवं हाड सहसा नसतंच. अंगठ्यामागचं पावलाचं लांब हाड आतल्या बाजूला सरकतं आणि अंगठा उलट शेजारच्या बोटांवर कलतो. याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. नुसता उंचवटा तासला तर कल तसाच राहतो आणि दुखणं परत येतं.

एक्स-रे उभं राहूनच काढायला हवा, कारण झोपून काढला तर वाकडेपणा कमी दिसतो. अंगठा आणि मागचं हाड यांच्यातला कोन १५ अंशांपर्यंत ठीक, ४० च्या पुढे गंभीर. मध्यम वाकडेपणात हाडाच्या पुढच्या टोकाजवळ व्ही आकाराचा छेद घेऊन ते टोक काही मिलिमीटर दुसऱ्या बोटाकडे सरकवतात आणि छोट्या स्क्रूने बसवतात. याला शेव्हरॉन म्हणतात. कोन मोठा असला तर स्कार्फ, म्हणजे हाडाच्या लांबीत झेड आकाराचा छेद. हाडाच्या बुडाचा सांधाच सैल असेल, तर तो जोडून टाकणारी लॅपिडस.

दुखत नसेल, तर फक्त दिसण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डिचोली-पेडण्याहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखवायला जाताना रोजची झिजलेली चप्पल सोबत न्या. भार कुठे पडतो, ते तिचा तळ सांगतो. मधुमेह असेल तर आधी साखर आणि पावलातली नाडी तपासायलाच हवी.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. कडक तळाचा बूट सहा आठवडे. पट्टी भिजली की जखम चिघळण्याचा धोका, म्हणून घाई नसेल तर पावसाळा टाळून दिवाळीनंतरची तारीख घ्या. चतुर्थीच्या तोंडावर तर नकोच. पाटावरून उठताना अंगठा मुडपतो आणि अंगाचा भार नेमका त्याच सांध्यावर येतो. स्कूटरचे ब्रेक हातात असतात खरे, पण थांबताना पाऊल जमिनीवर टेकावंच लागतं. मोटारसायकलवर डाव्या पायाच्या बोटांनी गिअर उचलावा लागतो. डॉक्टर सांगेपर्यंत दोन्ही बंद.

बहुतेकांचं दुखणं कमी होतं, पण सूज सहा महिने, कधी वर्षभर रेंगाळते. काहींच्या अंगठ्याची कड बधिर होते, काहींचा सांधा आखडतो. हाड आखूड झालं तर भार दुसऱ्या बोटाखाली जाऊन तिथे नवं दुखणं सुरू होतं. सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं. आणि काही जणांचा अंगठा पुन्हा कलतो.

नवी पादत्राणं संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल सर्वांत फुगलेलं असतं. घरी कागदावर उभं राहून पावलाची कड पेन्सिलीने आखा आणि तो कागद दुकानात न्या. बुटाचा तळ त्या रेषेच्या आत येत असेल, तर तो बूट घेऊ नका.