मुंबईचं सार्वजनिक जीवन आणि मराठी ख्रिस्ती : पार्श्वभूमी

ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा चर्चच्या आवारातच ठेवावी, की कायदा, राजकारण, साहित्य, पर्यावरण यांबद्दलही त्या श्रद्धेतून बोलावं? प्रश्न नव्यानेच उभा राहिल्यासारखी त्यावर चर्चा होते. मुंबईत तो दोनशे वर्षांहून जुना आहे आणि या शहरात त्याची सगळ्यात दमदार उत्तरं मराठीत दिली गेली. ख्रिस्ती म्हटलं की इंग्रजी शाळा एवढंच आठवणाऱ्यांना हे सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

जुना धागा पोर्तुगीज काळातला. 1534 च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली. पुढच्या काळात कोळी, भंडारी, कुणबी वस्त्यांतली असंख्य घरं कॅथलिक झाली. त्यामागे सत्तेचा दबाव होता, देवळं पाडली गेली. हे झाकण्यात अर्थ नाही. पण 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले, तेव्हा ही माणसं तिथेच राहिली. बोली मराठीच राहिली, लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणण्याची रीत राहिली, भात कापणीला आल्यावर पहिली कणसं चर्चमध्ये नेण्याचा आगेरा राहिला. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपलं वेगळेपण सरकारदरबारी दिसावं, हा त्यातला हिशेब होता. वांद्र्यात, गिरगावात रस्त्याकडेला जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कित्येक 1896 च्या प्लेगच्या साथीतले आहेत. साथ आपल्या वाडीत शिरू नये म्हणून लोकांनी ते उभारले आणि उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, प्रार्थना केली.

दुसरा धागा प्रोटेस्टंट मिशनचा, आणि तो छापखान्यातून जातो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडायची तयारीही झाली होती. त्यांनी मराठी शिकून घेतलं, छापखाना काढला आणि 1824 मध्ये मुलींसाठी शाळा उघडली. या अमेरिकन मिशन प्रेसचं देणं धर्मप्रसाराच्या कितीतरी पलीकडचं आहे. टॉमस ग्रॅहम तिथे देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडत असे. काना, मात्रा, वेलांटी, रफार सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं आणि अक्षर तरी सुबक दिसायचं, हे कष्टाचं काम. त्याच छापखान्यात जावजी दादाजी हा पोरगा खिळे घासण्याच्या कामाला होता. पुढे त्याने निर्णयसागर छापखाना काढला आणि संस्कृत ग्रंथांच्या देखण्या, शुद्ध आवृत्त्या घरोघर पोचवल्या. बायबल छापण्यासाठी आलेली कला वेद-पुराणं छापायला कामी आली. मिशनऱ्यांनी असं ठरवलं नव्हतं, पण मुंबईने ते घडवलं.

छापील शब्दाला छापील उत्तर मिळू लागलं. 1829 मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकरांनी जाहीर वाद घातला, आणि त्यातून हिंदू धर्माची बाजू मांडणारं मराठी पुस्तक निघालं. 1839 मध्ये पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1857 चा समुद्रकिनाऱ्यावरचा वाद. हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी जानेवारीपासून मेअखेरपर्यंत दर गुरुवारी मिशनऱ्यांसमोर उभे राहिले, भोवती गर्दी. त्याच मे महिन्यात मीरतला उठाव झाला, तरी किनाऱ्यावरची प्रश्नोत्तरं चालूच होती. समोरच्या पक्षातल्या जॉर्ज बोवेन यांनी त्या वादाचा वृत्तान्त पुढे छापला. बोवेन मिशनचा पगार नाकारून साध्या खोलीत राहत आणि शहराला त्याबद्दल आदर होता. दोन्ही पक्ष कडवे होते, पण वाद वादाच्या रीतीने झाला.

त्याच 1857 मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. विषय विधवांचे हाल. ख्रिस्ती झालेल्या या लेखकाने प्रश्न उचलला तो सगळ्या मराठी समाजाचा. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनीही 1889 मध्ये विधवांसाठीचं शारदासदन आधी मुंबईतच उघडलं, नंतर ते पुण्याला नेलं.

तरी ‘धर्म बदलला म्हणजे देश सोडला’ हा आरोप राहिलाच. त्याला खरं उत्तर दिलं ते नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अभंग, ओवी, कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्त गायला आणि देशावरच्या कविताही लिहिल्या. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं संपादन केलं. शेवटी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त झाले. परदेशी पैशावर उभ्या असलेल्या चर्चमध्ये भारतीय माणूस मोकळा श्वास घेऊ शकत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. 1919 मध्ये मुंबईतच ते गेले. राजकारणात हेच काम माझगावच्या जोसेफ बाप्टिस्टा यांनी केलं. लोकमान्यांचे सहकारी, 1916 च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, 1920 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ट्रेड युनियन काँग्रेसचे एक संस्थापक आणि 1925 मध्ये मुंबईचे महापौर. लोक त्यांना ‘काका’ म्हणत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962 ते 1965 मधली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) कॅथलिक उपासना लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आली. त्या मोकळिकीचं फळ म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक सांभाळलं, बायबल सुबोध मराठीत आणलं आणि वसईची हिरवाई वाचवण्यासाठी जमीनमाफियांविरुद्ध उभे राहिले. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधाचे फोन आले. साहित्यरसिक मात्र त्यांच्या बाजूने राहिले.

समाजाच्या आतले प्रश्नही चव्हाट्यावर आणावे लागले. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरेसं होतं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. ही अट 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मोडीत काढली आणि 2001 मध्ये संसदेने कायदाच बदलला. जातीचा प्रश्न त्याहून अवघड. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. 2022 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोग नेमला. आयोगासमोर दर्जा मागताना चर्चमध्येही जात पाळली जाते, हे चर्चला आपल्या तोंडाने कबूल करावं लागतं.