जाहीरनाम्याआधीची होडी

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या मुक्तीची गोष्ट आपण राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यापासून सांगतो. माझ्या मते ती दीड वर्ष आधीच, व्हर्जिनियातल्या एका किल्ल्यावर सुरू झाली होती.

गुलामी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं आणि केंद्र सरकार यांच्यात तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून पळून केंद्र सरकारच्या फोर्ट मन्रोत आले. त्यांना दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलं होतं. लगेच मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर: कायद्याप्रमाणे आमचे पळालेले गुलाम परत करा. किल्ल्याचे प्रमुख जनरल बटलर पेशाने वकील. तुम्ही स्वतःला वेगळा देश म्हणवता, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल, असा त्यांचा सवाल. शत्रूच्या कामी येणारी मालमत्ता म्हणून त्यांनी तिघांना ठेवून घेतलं. माणसांना मालमत्ता म्हणणं अपमानाचंच, पण जुलैअखेर तिथे सुमारे ९०० बायका, मुलं, पुरुष आसऱ्याला आले होते.

लिंकन तेव्हा कचरत होते. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही केंद्राबरोबर राहिलेली राज्यंही गुलाम बाळगत होती. ती गेली तर युद्धच हातचं जाईल, ही भीती खोटी नव्हती. जुलै १८६२ मध्ये त्यांनी जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाले, एखादा विजय मिळेपर्यंत थांबा. सप्टेंबरात अँटिएटमच्या लढाईत एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले, पण दक्षिणेचं सैन्य मागे हटलं. लढाईनंतर पाचच दिवसांनी लिंकन यांनी बंडखोर राज्यांना वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली: बंड सोडा, नाहीतर तुमचे गुलाम मुक्त.

राष्ट्राध्यक्षाला गुलामी मोडण्याचा अधिकार नव्हता, सरसेनापतीला शत्रूचं बळ तोडण्याचा होता. म्हणून जाहीरनामा फक्त बंडखोर भागांपुरता. केंद्राबरोबरची ती चार राज्यं आणि टेनेसी त्यातून वगळलेली. तरी त्याला कागदी म्हणणं मला पटत नाही. त्यात कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची घोषणा होती, आणि सुमारे १,८०,००० जणांनी खांद्यावर बंदूक घेतली.

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला मुक्तीचा हुकूम वाचला गेला तो १९ जून १८६५ रोजी. केंटकी आणि डेलावेअरमधले उरलेले गुलाम सुटले ते त्याच डिसेंबरात, घटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर झाल्यावर.