शाळेतले मोडके साहित्य नोंदीतून कमी कसे करायचे? निर्लेखन प्रस्तावाची प्रक्रिया, अटी आणि कागदपत्रे

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. वर्ग झाडायला घेतले की बहुतेक जिल्हा परिषद शाळांत एक खोली अशी निघतेच: पाय मोडलेले बाक, उधई लागलेलं कपाट, कधीच बंद पडलेला संगणक. वर्गखोल्या अपुऱ्या, आणि त्यातली एक भंगाराने अडवलेली. ‘ऑडिटला काय दाखवायचं?’ या धास्तीने कुणी हात लावत नाही. मार्ग मात्र रीतसर आहे. त्याला निर्लेखन म्हणतात.

प्रस्ताव मुख्याध्यापकांनी करायचा. पद रिक्त असेल तर प्रभारींनी. वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, चढलेली हवी आणि ती दुरुस्त होण्याजोगी किंवा दुरुस्ती परवडण्याजोगी नसावी. हरवलेली, चोरीला गेलेली वस्तू यात घुसडू नका. चोरीची आधी पोलिसांत तक्रार लागते. ग्रंथालयाची पुस्तके आणि पोषण आहाराची भांडी यांच्या नोंदवह्या वेगळ्या, म्हणून याद्याही वेगळ्या करा. नुसती फळी निखळलेला बाक असेल तर गावातल्या सुताराला बोलवा. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून असा खर्च करता येतो. ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी या अनुदानाची वार्षिक मर्यादा २५,००० रुपये आहे आणि १०१ ते २५० पटासाठी ५०,००० रुपये.

खरं काम आहे ते नोंदवहीचं. प्रस्ताव परत येतात ते बहुतेक इथेच अडखळून. रजिस्टरवर बाक वीस, प्रत्यक्षात सतरा, आणि मागच्या दोन चार्ज याद्यांत (पदभार देताना-घेताना केलेल्या याद्यांत) काहीतरी तिसराच आकडा! प्रस्तावाआधी एक दिवस काढून प्रत्येक वस्तू मोजा, तिच्यावर ऑइलपेंटने अनुक्रमांक टाका आणि तोच क्रमांक रजिस्टरच्या पान क्रमांकाशी जुळवा. २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य शासनाच्या कार्यक्रमाच्या काळात गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब आले. त्यातले कितीतरी रजिस्टरवर चढलेच नाहीत. फुकट मिळालं म्हणून नोंद नको, असं नसतं. देणगीची वस्तूही शाळेची मालमत्ता असते. आधी ठराव घेऊन ती जमा बाजूला घ्या, मगच निर्लेखनाच्या यादीत टाका.

यादीत वस्तूचे नाव, नग, खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, रजिस्टरचे पान आणि नादुरुस्तीचे कारण हवे. ‘जुने झाले’ एवढ्यावर भागवू नका. ‘लोखंडी सांगाडा गंजून तुटला’ असे लिहिले की तपासणाऱ्याला विचारायला काही उरत नाही. सोबत रजिस्टरच्या पानांच्या साक्षांकित प्रती, वस्तूंचे फोटो, शाळा व्यवस्थापन समितीचा सूचक-अनुमोदकासह ठराव आणि मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र जोडा. संगणक, टीव्ही असेल तर तंत्रज्ञाचा नादुरुस्तीचा दाखलाही घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. रोवणीच्या दिवसांत सभा ठेवली तर कोरम भरणार नाही, एवढं ध्यानात असू द्या.

प्रस्ताव केंद्रप्रमुखांच्या पडताळणीनंतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. पुढे मंजुरी कोणाच्या अधिकारात, हे साहित्याच्या किमतीवर ठरतं. लेखी आदेश हाती येईपर्यंत भंगारवाल्याला एक खिळाही देऊ नये, तो कितीही ओळखीचा असो.

आदेश आला की त्यात सांगितल्याप्रमाणे लिलाव करा, गावात दवंडी द्या, समितीसमोर पंचनामा लिहा, आणि रक्कम आदेशातल्या खात्यात भरून पावती फाईलला लावा. संगणक, टॅब मात्र साध्या भंगारात जात नाहीत. तो ई-कचरा असतो, म्हणून ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे द्या. तालुक्याला असा कोणी सहसा नसतो, म्हणून चार-पाच शाळांचा माल केंद्रशाळेत एकत्र करून पाठवणं सोयीचं पडतं.

शेवटी रजिस्टरमध्ये त्या-त्या वस्तूसमोर लाल शाईने आदेश क्रमांक, दिनांक आणि शिल्लक नग लिहून सही करा. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत माहिती भरताना बाक आणि संगणकांचे आकडेही याच शिल्लकेप्रमाणे द्या.