उशीर आणि हूल: लांबणीवर पडलेल्या इंटरनेट फोनबाबत ग्राहकाने काय ओळखावे

इंटरनेटवरून फोन करण्याचे एखादे नवे उपकरण जाहीर होते. हाताच्या तळव्याएवढी डबी, एका बाजूला राउटरची वायर, दुसऱ्या बाजूला घरातला नेहमीचा फोन, आणि महिन्याच्या बिलातून सुटका, असे त्याचे वर्णन केले जाते. तारीखही सांगितली जाते. ती तारीख उलटते, नवी तारीख मिळते, तीही उलटते आणि मग वाट पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. काहींच्या मते काम अवघड आहे, थोडा धीर धरला पाहिजे. काहींच्या मते ही सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात आहे. दोन्ही बाजू पुरावा म्हणून एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, ती म्हणजे हुकलेली तारीख. पण हुकलेल्या तारखेवरून या दोहोंपैकी काहीच सिद्ध होत नाही, कारण खरा उशीर आणि नुसती हूल या दोन्ही गोष्टी बाहेरून पाहणाऱ्याला बराच काळ अगदी सारख्या दिसतात.

उशीर म्हणजे वस्तू अस्तित्वात आहे, ती बनवणाऱ्यांना आपण कुठे अडलो आहोत हे ठाऊक आहे, आणि तो अडथळा दूर करणे त्यांच्या आवाक्यात आहे. हूल म्हणजे घोषणा आहे, पण तिच्यामागे विकता येईल अशी वस्तू नाही, किंवा असलीच तरी ती विकण्याची वाट मोकळी नाही. हुलीमागे दरवेळी लबाडीच असते असे मात्र नाही. ग्राहकाने प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, गुंतवणूकदारांचा उत्साह टिकावा, मागणीचा अंदाज यावा, अशा हेतूंनी घाईने घोषणा होतात हे खरे. पण पुष्कळदा बनवणारेच आपल्या नमुन्यावर इतके भाळलेले असतात की टेबलावर चाललेली वस्तू हजारो घरांत चालेलच असे ते मनापासून समजतात. म्हणून ग्राहकाने हेतूचा शोध घेत बसू नये. हेतू कळत नाही, आणि कळला तरी त्याने डबी घरी येत नाही.

अशा न येणाऱ्या वस्तूंसाठी संगणक व्यवसायात ‘व्हेपरवेअर’ हा शब्द 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ झाला. मायक्रोसॉफ्टने विंडोजची घोषणा नोव्हेंबर 1983 मध्ये केली आणि पहिली आवृत्ती बाजारात आली ती नोव्हेंबर 1985 मध्ये. मधल्या दोन वर्षांत हाच शब्द विंडोजलाही चिकटला होता. विलंब किती लांबला यावरून उशीर की हूल हे ठरत नाही, एवढे त्यावरून नक्की दिसते.

इंटरनेट फोनच्या उपकरणाला खरा उशीर होतो तो नेमका कशामुळे, हे थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण डबी लहान असली तरी तिच्याकडून अपेक्षित असलेले काम लहान नाही. घरातला जुना फोन वाजवायचा म्हणजे काय करावे लागते ते पाहा. पारंपरिक टेलिफोन लाइनवर फोन ठेवलेला असताना साधारण 48 व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि घंटी वाजवताना त्यावर सुमारे 90 व्होल्टचा, सेकंदाला वीसेक वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो. पूर्वी हे काम टेलिफोन एक्स्चेंजमधली मोठी यंत्रणा करत असे. आता तेच काम पाच किंवा बारा व्होल्टच्या चार्जरवर चालणाऱ्या डबीला करायचे असते. प्रयोगशाळेत एक नवा फोन जोडला की घंटी खणखणीत वाजते. तीच डबी खऱ्या पितळी घंट्या असलेल्या तीन-चार जुन्या फोनांना जोडली की नुसती टकटक ऐकू येते, किंवा घंटी वाजतच नाही.

दुसरा अडथळा याहून चिवट आहे. इंटरनेट फोनमध्ये कॉल जोडण्याची बोलणी एका मार्गाने होतात, त्यासाठी बहुधा एसआयपी नावाची पद्धत वापरली जाते, आणि प्रत्यक्ष आवाज वेगळ्या मार्गाने जातो. घरातल्या डबीला राउटरने दिलेला पत्ता फक्त घरापुरता खरा असतो. बाहेरच्या जगाला त्या पत्त्यावर काही पोहोचवता येत नाही. परिणामी फोन लागतो, समोरचा ‘हॅलो’ म्हणतो, कॉलची सेकंदे मोजली जाऊ लागतात, आणि एकाला दुसऱ्याचे सगळे ऐकू येत असताना दुसऱ्याला मात्र पूर्ण शांतता ऐकू येते. काही राउटर या बोलणीत स्वतःहून फेरफार करून मदत करू पाहतात आणि असलेला गोंधळ वाढवतात. बाजारातले सगळे राउटर कोणत्याही कंपनीच्या प्रयोगशाळेत मावणारे नाहीत, त्यामुळे हे दोष लोकांच्या घरी चाचणी सुरू झाल्यावरच उघडे पडतात. बीटा चाचणीनंतर पुढे गेलेली तारीख मला म्हणूनच फारशी संशयास्पद वाटत नाही. चाचणी खरोखर झाली आणि तिच्यातून काही सापडले, असाच बहुतेक वेळा तिचा अर्थ असतो.

प्रतिध्वनीचेही तसेच आहे. साध्या फोनवरही आपला आवाज थोडा परत येतच असतो, पण तो इतक्या लवकर येतो की आपल्याच बोलण्यात मिसळून जातो. इंटरनेटवर आवाजाला पोहोचायला वेळ लागतो, तोच प्रतिध्वनी मागे पडतो आणि वेगळा ऐकू येऊ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेने आवाज पोहोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही. पण त्या मर्यादेच्या आतही प्रतिध्वनी पुसून टाकण्याचे काम डबीला करावेच लागते, आणि ते नीट जमेपर्यंत फर्मवेअरच्या, म्हणजे डबीतच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात. यात आपत्कालीन कॉलची जबाबदारीही येते. घरचा फोन म्हणून विकल्या जाणाऱ्या इंटरनेट सेवांनी 911 या आपत्कालीन क्रमांकावरचा कॉल ग्राहकाच्या पत्त्यासह योग्य ठिकाणी पोहोचवलाच पाहिजे, असे अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने 2005 मध्ये बंधनकारक केले. त्यासाठी उत्पादन अडले असेल तर मी तो उशीर आनंदाने सोसेन.

आता याच क्षेत्रातली एक जोडी शेजारी शेजारी ठेवून पाहू. इंटरनेट फोनची उपकरणे विकणारी मॅजिकजॅक ही कंपनी या व्यवसायात परिचित आहे. जानेवारी 2010 मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात या कंपनीने एक फेम्टोसेल उपकरण, म्हणजे घरापुरता छोटा मोबाइल टॉवर, दाखवले. साधा जीएसएम मोबाइल घरात आणला की तो या छोट्या डबीला जोडला जाईल आणि कॉल मोबाइल कंपनीऐवजी इंटरनेटवरून जातील, अशी त्याची कल्पना होती. किंमत वर्षभराच्या सेवेसह 40 डॉलर सांगितली गेली आणि काही महिन्यांत ते मिळेल असेही सांगितले गेले. ते बाजारात आले नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2011 मध्ये, त्याच कंपनीने संगणक चालू न ठेवता थेट राउटरला जोडता येणारे मॅजिकजॅक प्लस जाहीर केले, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ते लोकांच्या हाती पडले.

कंपनी एक, व्यासपीठ एक, घोषणेची धाटणीही तीच. म्हणजे कंपनीचा चेहरा पाहून निवाडा करता आला नसता. फरक अडथळ्याच्या जागेत होता. प्लसपुढचे प्रश्न अभियांत्रिकीचे होते: डबीतच पुरेसा प्रोसेसर बसवणे, इथरनेटची जोडणी देणे, फर्मवेअर स्थिर करणे. हे सगळे कंपनीच्या हातात होते. फेम्टोसेलला मात्र ज्या लहरींवर चालायचे होते त्यांचे परवाने मोबाइल कंपन्यांनी मोठ्या रकमा मोजून घेतलेले होते. घराच्या चार भिंतींत इतक्या क्षीण लहरी वापरायला परवानगी लागत नाही, अशी मॅजिकजॅकची भूमिका होती. परंतु या भूमिकेवर वाद होणार हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते, आणि तो मिटवणे एकट्या मॅजिकजॅकच्या हाती नव्हते. म्हणून लांबलेल्या उपकरणाबाबत ‘कधी येणार’ याआधी ‘अडले आहे ते कोणाच्या हातात आहे’ हे विचारावे. पहिल्या प्रश्नाला नवी तारीख देऊन वेळ मारून नेता येते, दुसऱ्याला तसे करता येत नाही.

उत्तर मिळाले की त्याची भाषाही पाहावी. समजा, एका सूचनेत लिहिले आहे: ‘काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे थोडा विलंब होत आहे, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.’ दुसरीत लिहिले आहे: ‘ठरावीक राउटरांवर आवाज एकाच बाजूने जातो, दुरुस्त फर्मवेअर चाचणी घेणाऱ्यांना पाठवले आहे, त्यांचा अहवाल आल्याशिवाय तारीख देणार नाही.’ दुसऱ्या सूचनेत तारीख नाही, तरी ती अधिक विश्वासार्ह आहे, कारण तिच्यातले प्रत्येक विधान खोटे ठरू शकते. चाचणी घेणारा कोणीही उठून सांगू शकतो की मला असे काही मिळालेले नाही. खऱ्या उशिरात कारणे महिन्यागणिक अधिक नेमकी होत जातात आणि आधीचे कारण सुटल्याचे सांगितले जाते. हुलीत कारणे तेवढीच मोघम राहतात, किंवा दरवेळी नवी निघतात आणि जुन्यांचे काय झाले ते कोणी बोलत नाही. मधल्या काळात डबीचे गुण मात्र वाढत जातात: आता ती व्हिडिओही दाखवणार, आता ती घराची राखणही करणार. लांबलेल्या वस्तूच्या यादीतून गुण गळत असतील तर मला दिलासा वाटतो. वाढत असतील तर नाही.

कागदपत्रांचा आधार काही बाबतींत घेता येतो. वायफाय किंवा कॉर्डलेस फोनसारखी रेडिओ लहर सोडणारे उपकरण अमेरिकेत विकायचे असेल तर त्याला एफसीसीची मान्यता आणि ओळख क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्या नोंदी कोणालाही पाहता येतात. चाचणी अहवाल आणि पुष्कळदा उपकरणाची छायाचित्रेही त्यांत असतात. पुढच्या महिन्यात येणार म्हणून सांगितलेल्या वायरलेस उपकरणाची अशी नोंदच नसेल तर ग्राहकाने कान टवकारावेत. मात्र निव्वळ वायरने जोडल्या जाणाऱ्या डबीला, म्हणजे अडॅप्टरला, हा ओळख क्रमांक लागत नाही, त्यामुळे त्याची नोंद न सापडणे हा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

पैशांच्या बाबतीत फरक सर्वांत लवकर कळतो. नाव नोंदवून ठेवणे वेगळे आणि पूर्ण किंमत आगाऊ भरणे वेगळे, पण प्री-ऑर्डर या एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी खपवल्या जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा टपाल, इंटरनेट व टेलिफोनवरील मागण्यांविषयीचा एक नियम आहे. सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर साधारण 30 दिवसांत, माल पाठवता येत नसेल तर विक्रेत्याने ग्राहकाला कळवले पाहिजे आणि मागणी रद्द करून पूर्ण पैसे परत घेण्याचा पर्याय दिला पाहिजे. पहिला विलंब 30 दिवसांपर्यंतचा असेल तर ग्राहकाचे गप्प राहणे ही संमती धरली जाते. त्याहून लांबच्या, अनिश्चित किंवा दुसऱ्यांदा झालेल्या विलंबाला मात्र त्याची स्पष्ट संमती लागते, नाहीतर पैसे परत करावे लागतात. हा नियम जिथे लागू नाही तिथेही तो मोजपट्टी म्हणून उत्तम आहे. उशीर झालेला प्रामाणिक विक्रेता परताव्याचा मार्ग स्वतःहून दाखवतो. मागितल्यावरही परतावा अडवून धरणाऱ्याकडे कदाचित वस्तू असेलही, पण माझ्या लेखी ग्राहकापुरती ती हूलच आहे.

या तुलनेबाहेर राहणारी एक गोष्टही सांगितलीच पाहिजे, कारण इंटरनेट फोन ही नुसती डबी नसते, डबीमागे चालू राहणारी सेवाही असते. सनरॉकेट या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत उपकरण लांबले नव्हते. लोकांकडे ते होते, वाजत होते, आणि वर्षाचे 199 डॉलर आगाऊ भरण्याची योजना लोकप्रिय होती. जुलै 2007 मध्ये कंपनी एकाएकी बंद पडली आणि दोन लाखांहून अधिक ग्राहकांना दुसरी सेवा शोधावी लागली. अशी अडॅप्टरे पुष्कळदा एकाच कंपनीच्या सेवेला बांधलेली असतात, म्हणून सेवा गेली की उरते ती डायल टोन नसलेली डबी. लांबलेले उपकरण एकदाचे हाती आले म्हणून शंका संपवण्याचे कारण नाही. ते दुसऱ्या सेवेवर चालेल का, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

शंका घेणाऱ्या ग्राहकाला उतावळा किंवा निंदक ठरवण्याची रीत मला अन्यायाची वाटते. जो ती डबी घेणारच नव्हता, त्याला तारीख हुकल्याचे दुःख होत नाही. खोदून विचारणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन या डबीवर हलवायचे ठरवलेले असते आणि तोवर जुन्या लाइनचे बिल भरणे चालू ठेवलेले असते. त्याने ते बिल आणखी काही काळ भरावे. जुना नंबर नव्या सेवेकडे वळवला की जुनी लाइन सामान्यतः बंद होते आणि तो परत आणायला दिवस जातात. म्हणून उपकरण घरी आल्यावर आधी तात्पुरत्या नंबरवर ते आठवडाभर वापरावे, घंटी घरातल्या सगळ्या फोनांवर वाजते का आणि आवाज दोन्ही बाजूंनी जातो का ते पाहावे, वीज गेल्यावर डबी बंद पडते हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे, आणि त्यानंतरच नंबर वळवण्याच्या अर्जावर सही करावी.